दग्ध हाताचे पुनर्वसन : हातमागापासून आभासी खेळापर्यंत

१

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील औसा आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील उमरगा हे दोन तालुके उद्ध्वस्त केले. सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. पुढील काही वर्षांत ५२ गावांचे समूळ स्थलांतर होऊन त्यांची नव्या जागी वसाहत झाली. या घटनेपासून ‘पुनर्वसन’ हा संस्कृत घडणीचा, शासकीय दप्तरांतून आलेला शब्द उमरगा परिसरात अक्षरओळख नसलेल्या माणसाच्याही तोंडी रुळला. त्याचा अर्थ त्या भागात नि:संदिग्ध आहे. जुने गाव गेले, नवे गाव मिळाले, हे पुनर्वसन होय.

वैद्यकाच्या क्षेत्रात हाच शब्द अगदी निराळ्या अर्थाने वापरला जातो, आणि त्याच्या मुळाशी असलेली इंग्रजी संज्ञाही निराळ्या कुळातील आहे. ती संज्ञा ज्या लॅटिन शब्दावरून आली, तो ‘हॅबिलिस’ हा शब्द ‘धरणे’ या अर्थाच्या धातूपासून सिद्ध झालेला असून ‘हाती धरण्याजोगा, कामास योग्य’ असा त्याचा मूळचा भाव आहे. मराठीने या संज्ञेसाठी ‘वस्’ म्हणजे ‘राहणे’ या धातूचा आश्रय केला. १९४७ नंतरचे निर्वासित आणि त्यानंतरची धरणग्रस्त गावे यांच्या संदर्भात हा शब्द प्रचारात स्थिरावल्यामुळे मराठी मनात पुनर्वसनाचा संबंध प्रथम घराशी जडला, अंगी असलेल्या कार्यशक्तीशी तो जडला नाही. परिणामी, भाजलेल्या माणसाची जखम भरून तो घरी परतला की त्याचे सर्व झाले, अशी समजूत सहज होते. वस्तुतः त्याच्या हाताचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अर्थाच्या पुनर्वसनाचा, विशेषतः भाजलेल्या हाताच्या पुनर्वसनाचा, इतिहास पाहावयाचा आहे. गेल्या पंचवीस वर्षांत या कार्यासाठी संगणकाच्या साह्याने खेळावयाचे ‘आभासी वास्तवा’चे खेळ उपयोगात येऊ लागले आहेत. ते सर्वस्वी नवे असल्याचे सामान्यतः मानले जाते. परंतु त्यांची पूर्वपीठिका तपासली असता, मुंबईत १९५० साली ज्या विचाराला संस्थेचे रूप मिळाले, त्याच विचाराचे हे पुढचे पाऊल असल्याचे दिसून येते. ही परंपरा ध्यानी घेतली तरच हे खेळ उमरग्यासारख्या ठिकाणी कोणत्या अटींवर उपयोगी पडतील, हे ठरविता येईल.

२

शरीराच्या एकूण पृष्ठभागाशी तुलना करता हात लहान आहे. रोग्याचा बोटांसहित तळवा त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का भरतो, आणि दाहाचे क्षेत्र अजमावण्यासाठी वैद्य याच मापाचा उपयोग करतात. जीवितास धोका किती, हे या टक्केवारीवरून कळते. जीविकेस धोका किती, हे मात्र तीवरून कळत नाही. यासाठीच अमेरिकेतील दाहचिकित्सकांच्या संघटनेने हाताच्या दाहाची गणना विशेष केंद्राकडे पाठवावयाच्या दाहांत केली आहे.

हाताच्या पाठीवरील कातडी पातळ व सैल असते आणि तिच्या लगेच खाली बोटे सरळ करणारे स्नायुबंध असतात. भडका उडाला असता माणूस तोंड वाचविण्यासाठी हात आडवा धरतो व ही पाठ भाजते. भाजलेला हात सुजतो. सुजलेला हात वेदना टाळण्यासाठी ज्या स्थितीत विसावतो, ती स्थितीच त्याला घातक ठरते. मनगट खाली झुकते, बोटांच्या मुळाशी असलेले सांधे मागे ताणले जातात आणि पुढचे सांधे वाकून हाताला पक्ष्याच्या पंजाचा आकार येतो. तो टाळण्यासाठी मनगट किंचित मागे, मुळाचे सांधे सुमारे ७० अंशांत वाकलेले, पुढची बोटे सरळ आणि अंगठा बाजूला, अशा बेताने हाताला आधारपट्टी बांधावी लागते. जखम भरल्यानंतरही व्रण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ आक्रसत राहतो. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत गॅल्व्हस्टन येथे दाबाच्या घट्ट वस्त्रांचा उपयोग पद्धतशीरपणे होऊ लागला. ही वस्त्रे दिवसातील सुमारे २३ तास घालावी लागतात. शिवाय दररोज, अनेक वेळा, दुखत असतानाही बोटे हलवावी लागतात. मराठीत या आक्रसण्याला ‘हात आखडला’ असे म्हणतात. हात आखडता घेणे हा वाक्प्रचार स्वेच्छेने केलेल्या कृतीचा आहे. येथे मात्र हात माणसाच्या इच्छेविरुद्ध आखडतो.

भाजण्याच्या मात्रा प्राचीन वैद्यकास अवगत होत्या. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. मराठी बोलीनेही चटका बसणे, पोळणे, भाजणे, होरपळणे अशी प्रतवारी राखली आहे. परंतु हे सर्व शब्द आगीच्या क्षणाचे वर्णन करतात. त्यानंतर हाताचे जे होते त्याला ‘आखडणे’ या एका शब्दापलीकडे स्वतंत्र शब्दसंपत्ती नाही. ज्या अवस्थेला नावे नाहीत, ती अवस्था समाजाच्या नजरेतूनही निसटते.

३

आधुनिक काळात दग्ध हाताकडे लक्ष वेधले गेले ते युद्धामुळे. १९२५ नंतर भाजलेल्या जागी टॅनिक अम्लाचा लेप देण्याची रीत पडली होती. या लेपाने जखमेवर कातड्यासारखे कठीण कवच तयार होई. दुसऱ्या महायुद्धात विमानदलातील भाजलेल्या तरुणांवर इंग्लंडमधील ईस्ट ग्रिन्स्टेड येथे उपचार करणारे आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी, हे कवच बोटांभोवती आवळून हात निकामी करते, असे दाखवून या रीतीस विरोध केला आणि मिठाच्या पाण्यातील स्नानाचा पुरस्कार केला. १९४१ मध्ये त्यांच्या रोग्यांनी आपले स्वतःचे मंडळही स्थापन केले. जखम भरणे म्हणजे हात बरा होणे नव्हे, हा धडा येथे प्रथम ठळकपणे शिकला गेला.

भारतात हाच धडा एका वेगळ्या रोगाने दिला. वेल्लोर येथे १९४८ मध्ये पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे स्नायुबंधांची पुनर्योजना करून सरळ करण्यास आरंभ केला. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या. परंतु सुधारलेल्या हातांना काम नसल्यामुळे रोगी पुन्हा रस्त्यावर आले, आणि हात सुधारल्यामुळे भीकही कमी मिळते अशी तक्रार घेऊन काही जण परतले. तेव्हा ब्रँड यांनी रोग्यांना सुतारकाम इत्यादी उद्योग शिकविण्याचे केंद्र काढले. शल्यवैद्याने हात सरळ करावा आणि उद्योगाने तो जिवंत ठेवावा, अशी ही श्रमविभागणी होती.

महाराष्ट्रात या विचाराचे वाहक झाले ते डॉ. नोशीर अंतिया. ब्रिटनमध्ये हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली तयार होऊन ते १९५०च्या दशकात परतले. कुष्ठरोग्यांच्या विकृतींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारला. भाजलेले रोगी हे त्या विभागापुढील एक मोठे कार्यक्षेत्र होते. पुढे अंतियांचे लक्ष रुग्णालयाच्या भिंतींबाहेर वळले. १९७०च्या दशकात त्यांनी अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचा प्रयोग केला. वैद्यकातील पुष्कळशी नित्याची कामे गावातली स्त्री उत्तम रीतीने करू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या निष्कर्षाचा प्रस्तुत विषयाशी असलेला संबंध पुढे स्पष्ट होईल.

४

शस्त्रक्रियेच्या या धारेला मिळणारी दुसरी धारा व्यवसायोपचाराची होय. १९१७ मध्ये अमेरिकेतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे या शास्त्राची पहिली संघटना स्थापन झाली. मनुष्याचे हात-पाय केवळ हलविल्याने सुधारत नाहीत. ज्या कामात त्याचे मन गुंतते त्या कामातून ते सुधारतात, हे तिचे आधारतत्त्व होते. विणकाम, सुतारकाम, बुरूडकाम आणि खेळ ही तिची साधने होती. हातमागाचा धोटा या बाजूकडून त्या बाजूकडे टाकणाऱ्या रोग्याला आपण खांद्याचा व्यायाम करीत आहोत, याचे भान नसते. त्याचे ध्यान कापडाकडे असते, आणि त्यामुळेच व्यायाम पुरेसा होतो.

हे शास्त्र भारतात रुजविण्याचे श्रेय कमला निंबकर यांना आहे. १९०० मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी यांनी विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून मुंबई ही आपली कर्मभूमी केली आणि कमला हे नाव स्वीकारले. अमेरिकेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या शास्त्राची भारतातील पहिली शाळा सुरू केली. १९५२ मध्ये व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी जन्मास आलेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश झाला. १९५५ मध्ये मुंबईतच हाजीअली येथे भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. येणेप्रमाणे पाच-सहा वर्षांच्या अवधीत, दग्ध हाताला हवे असलेले सर्व शास्त्रीय साहाय्य मुंबई शहरात एकत्र आले. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानातून नुकताच बाहेर पडला होता आणि उमरगा तालुका १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राजकीय दृष्ट्या मुंबई उमरग्याची राजधानी झाली. परंतु तेथील शास्त्र उमरग्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याने आपोआप खुला झाला नाही.

मुंबईतील दाहचिकित्सेच्या परंपरेचा आणखी एक विशेष येथे नोंदविणे अगत्याचे आहे. महागड्या परदेशी आच्छादनांऐवजी घरातल्या वस्तूंची शास्त्रीय परीक्षा करण्याची वृत्ती तीत आढळते. डॉ. मनोहर केसवानी व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे आच्छादन वर्णन केले. शीव रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये केळीच्या पानांच्या आच्छादनाची तुलनात्मक परीक्षा प्रसिद्ध केली. त्याच रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढीही सुरू झाली होती. साधन बाहेरचे असो वा आतले, ते येथील स्वयंपाकघराला आणि येथील खिशाला पेलते काय, हा प्रश्न या परंपरेने सतत विचारला.

५

आता आभासी खेळांकडे वळावयाचे. ‘आभासी वास्तव’ ही संज्ञा ज्या विदेशी शब्दयोजनेचे भाषांतर आहे, ती फ्रेंच नाटककार आंतोनँ आर्तो यांनी १९३८ मध्ये रंगभूमीसंबंधी वापरलेली आढळते. तिला संगणकाच्या क्षेत्रात प्रचलित केले ते जॅरन लॅनियर यांनी, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. लॅनियर यांच्या संस्थेचे एक प्रमुख उपकरण हातमोजा होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. टॉमस झिमरमन यांनी कल्पिलेल्या या मोज्यात बोटांची वाकण मोजणारे संवेदक बसविलेले असत आणि खऱ्या हाताची हालचाल पडद्यावरील चित्रित हात तंतोतंत करीत असे. १९८९ मध्ये याच कल्पनेवरून खेळण्याच्या स्वरूपातील स्वस्त मोजा बाजारात आला, पण तो फार काळ टिकला नाही. आभासी सृष्टीत प्रवेश करणाऱ्या मानवी अवयवांत डोळ्याच्या जोडीनेच हात होता, असे यावरून दिसते.

दाहचिकित्सेत या साधनाचा प्रवेश मात्र वेदनेच्या वाटेने झाला. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी वेदनेविषयी नवी उपपत्ती मांडली. जखमेकडून येणारे संदेश मज्जारज्जूतील एका ‘दारा’तून जातात आणि ते दार मनाच्या अवस्थेनुसार कमी-अधिक उघडते, असा तिचा आशय होता. अवधान दुसरीकडे गुंतले तर वेदना कमी भासते, या नित्याच्या अनुभवाला त्यामुळे शास्त्रीय बैठक मिळाली. अमेरिकेतील सिॲटल येथे हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या तत्त्वाचा उपयोग जखमेच्या पट्ट्या बदलताना करून पाहिला. २००० साली त्यांनी भाजलेल्या दोन किशोरवयीन मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. साध्या पडद्यावरील खेळ खेळताना मुलांना जेवढी वेदना होई, त्याहून डोळे सर्वस्वी झाकणाऱ्या आभासी सृष्टीत असताना ती पुष्कळ कमी जाणवली. यातून खास भाजलेल्यांसाठी जी सृष्टी तयार झाली, तीत रोगी बर्फाच्या दरीतून तरंगत जातो आणि बर्फाच्या माणसांवर व पेंग्विन पक्ष्यांवर बर्फाचे गोळे फेकतो. २००४ मध्ये मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांच्या साह्याने, अशा वेळी वेदनेशी संबंधित मेंदूव्यापारही मंदावतो, हे दाखविण्यात आले.

येथवर खेळ हा वेदनेवरचा उतारा होता. पुढची पायरी म्हणजे खेळ हाच व्यायाम. २००६ मध्ये इस्रायलमधील योसेफ हाईक व सहकाऱ्यांनी, रोग्याची प्रतिमा कॅमेऱ्याने टिपून पडद्यावरच्या खेळात आणणाऱ्या बाजारी खेळयंत्राचा दाहोत्तर व्यायामासाठी उपयोग वर्णिला. २०१० मध्ये अंगाच्या हालचाली ओळखणारे किनेक्ट हे साधन आले. २०१३ मध्ये अवरक्त किरणांनी बोट न् बोट ओळखणारी छोटी पेटी आली, आणि २०१९ मध्ये डोक्यावर बसवावयाच्या चष्म्यांनाच मोज्याविना हात ओळखण्याची शक्ती प्राप्त झाली. दग्ध हातासंबंधीची एक महत्त्वाची तुलनात्मक परीक्षा सेऊल येथील जू व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केली. ५७ रोग्यांचे यदृच्छेने दोन गट पाडून एका गटास ४ आठवडे संवेदकयुक्त मोज्याच्या साह्याने खेळ देण्यात आले व दुसऱ्यास रूढ उपचार देण्यात आले. बारीक वस्तू उचलण्याच्या चाचणीत आणि आपल्या हाताविषयी रोग्याने स्वतः केलेल्या मूल्यमापनात खेळाच्या गटाची प्रगती अधिक आढळली.

या शोधांचे मर्म थोडक्यात असे सांगता येईल. दुखणारे बोट शंभर वेळा वाकविणे हे कष्टप्रद व कंटाळवाणे काम आहे. खेळात रोगी ते शंभर वेळा करतो, कारण त्याचे ध्यान बोटाकडे नसून पडद्यावरच्या फळाकडे किंवा चेंडूकडे असते. त्याच वेळी यंत्र प्रत्येक वाकणीचे अंश नोंदवीत असते, आणि काल ४० अंश वाकलेले बोट आज ४३ अंश वाकले, हे रोग्यास आकड्यात दिसते. हातमागाने पहिले कार्य केले होते. दुसऱ्याची भर यंत्राने घातली. या दृष्टीने ‘आभासी’ हे विशेषण दिशाभूल करणारे आहे. संस्कृत परंपरेत ‘आभास’ म्हणजे खोटा प्रत्यय होय. हेत्वाभास हा हेतू नसतो. उलटपक्षी, मूळ युरोपीय विशेषण ज्या लॅटिन शब्दापासून आले त्याचा अर्थ ‘सामर्थ्य’ असा आहे आणि ‘रूपाने नसले तरी परिणामाने असणारे’ हा त्याचा रूढ आशय आहे. या खेळांत झाड खोटे, फळ खोटे. परंतु वाकलेले बोट खरे असते, आणि त्या बोटाखाली ताणला गेलेला व्रणही खराच असतो.

साधनाच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. आभासी फळाला वजन नाही आणि त्याचा स्पर्श होत नाही. त्यामुळे पकडीची ताकद वाढविण्यास ते अपुरे पडते. काहींना त्या सृष्टीत घेरी व मळमळ होते. कोवळ्या कातडीवर मोजा घासतो, आणि अनेक रोग्यांनी वापरावयाचे उपकरण निर्जंतुक राखणे हे वेगळेच काम होऊन बसते. शिवाय बाजार ज्या वेगाने ही साधने निर्माण करतो, त्याच वेगाने ती मागे घेतो. किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले. चार लाकडांचा हातमाग कुणा उत्पादकाच्या निर्णयाने निरुपयोगी होत नसे.

६

हा सर्व इतिहास उमरग्याच्या संदर्भात कोणता प्रश्न उभा करतो? उमरगा हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील तालुक्याचे गाव आहे. पश्चिमेस सोलापूर शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे, उत्तरेस लातूर त्याहून जवळ आहे, आणि पूर्वेस कर्नाटकाची सीमा लागते. चुलीशी, स्टोव्हशी किंवा उकळत्या पाण्याशी झालेल्या अपघातात भाजलेल्या माणसाला शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात नेता येते, कारण ती एकदा किंवा दोनदा करावयाची असते. बोटे मात्र रोज हलवावी लागतात, आणि तीही वर्षभर. ज्यांचे हातावर पोट आहे, त्यांनी रोजची मजुरी सोडून वर्षभर शहराच्या वाऱ्या कराव्या, ही अपेक्षा व्यर्थ आहे. हात राखण्यासाठी हातची मजुरी घालवावयाची, असा हा पेच आहे. म्हणून उपचार घरापाशी आला पाहिजे, आणि तो करीत राहण्याची इच्छा टिकली पाहिजे. आभासी खेळाचे खरे मूल्य या दुसऱ्या अटीत आहे.

परंतु इच्छा टिकते ती ओळखीच्या कामाने. हाताच्या कार्याची जगभर प्रचलित असलेली एक चाचणी जेब्सेन व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत लिहिणे, पत्ते उलटणे, बारीक वस्तू उचलणे, चमच्याने घेवड्याचे दाणे उचलून जेवणाची नक्कल करणे, सोंगट्या एकावर एक रचणे, आणि हलके व जड डबे उचलणे, अशी सात कामे आहेत. शास्त्रीय तुलनेसाठी ती उपयुक्त आहे. तथापि जो हात चमच्याने जेवत नाही, त्याचे जेवण तीत मोजले जात नाही. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा एका हाताने मोडून, कालवणात बुडवून, पाच बोटांनी घास तोंडाशी नेणे ही वेगळी क्रिया आहे. भाकरी थापण्यासाठी मनगट मागे वळावे लागते, तळवा सपाट व्हावा लागतो आणि बोटे जवळजवळ पूर्ण सरळ व्हावी लागतात. दग्ध हातात नेमकी हीच स्थिती सर्वांत आधी नाहीशी होते. ज्या स्त्रीची बोटे आखडली आहेत, तिला कागदावरील अंशांपेक्षा परातीतली भाकरी तिची उणीव अधिक अचूक सांगते.

या ठिकाणी भाषेचा विचार अपरिहार्य होतो. हाताच्या कामांसाठी मराठीत असलेली क्रियापदे पाहिली असता, त्यांतील प्रत्येक क्रियापदात बोटांची एक विशिष्ट रचना साठविलेली असल्याचे आढळते. थापणे, मळणे, वळणे, खुडणे, वेचणे, निवडणे, सोलणे, पाखडणे, खुरपणे, पिळणे, विंचरणे, गाठ मारणे यांपैकी कोणतेही दोन शब्द हाताच्या एकाच स्थितीचे वाचक नाहीत. ‘खुडणे’ म्हणताच अंगठा व तर्जनी यांची चिमूट होते. ‘खुरपणे’ म्हणताच मूठ आवळते व मनगट फिरते. ‘पिळणे’ म्हणताच दोन्ही मुठी विरुद्ध दिशांना वळतात. व्यवसायोपचारक ज्या हालचालींना अंश व अक्ष यांच्या परिभाषेत नावे देतो, त्या हालचालींची नामावली बोलीत पूर्वीपासून सिद्ध आहे. ‘मधले बोट सरळ करा’ ही आज्ञा परक्या कवायतीची आहे; ‘शेंग सोला’ ही आज्ञा ऐकताच हाताला आपले काम आठवते. बर्फाच्या दरीत बर्फाचे गोळे फेकण्याची कल्पना जेथे निर्माण झाली, तेथे ती थंडाव्याची स्वाभाविक प्रतिमा होय. ज्या प्रदेशाने बर्फ पडलेले पाहिले नाही, तेथे विहिरीच्या पाण्यात हात बुडविणे, कणसे खुडणे, तुरीच्या शेंगा सोलणे, परातीत भाकरी थापणे हे खेळ त्याच तत्त्वावर रचता येतील. त्यांतील सूचना मराठीत, आणि सीमेवरील या भागात कन्नड व दखनी उर्दूतही, असल्या पाहिजेत. हे भाषांतराचे काम नव्हे. कोणत्या क्रियापदास कोणती हालचाल अभिप्रेत आहे, याचा कोश प्रथम तयार व्हावयास हवा, आणि त्यासाठी भाषाशास्त्राचा विद्यार्थी व व्यवसायोपचारक यांना एका ठिकाणी बसावे लागेल.

अशा खेळासाठी प्रत्येक वेळी डोळे झाकणारा चष्मा लागेलच असे नाही. हाताची ठेवण कॅमेऱ्याने ओळखण्याची शक्ती आता साध्या भ्रमणध्वनीतही आली आहे. मात्र रोगी खेळतो आहे की नाही, व्रण फाटला आहे की काय, आधारपट्टी नीट बांधली आहे काय, हे पाहण्यास माणूसच हवा. मांडव्यातील प्रयोगाचा निष्कर्ष येथे उपयोगी पडतो. गावातील आरोग्यसेविकेला हाताच्या चार योग्य स्थिती व धोक्याची चार चिन्हे शिकविता आली, तर शहरातील उपचारक तिच्यामार्फत गावातल्या हातापर्यंत पोहोचू शकेल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अम्लहल्ल्याचे बळी आणि कुष्ठरोगमुक्त व्यक्ती यांचा समावेश चलनवलनाच्या दिव्यांगत्वात केला. ब्रँड व अंतिया यांनी ज्या हातांवर काम केले ते आणि दाहाने निकामी झालेले हात कायद्याच्या एका सदरात आले, ही इतिहासाची सुसंगतीच म्हणावयाची. परंतु कायदा प्रमाणपत्र देतो ते हात गेल्यानंतर. आखडण्यास आरंभ झाला आहे पण हात अजून गेलेला नाही, अशा मधल्या वर्षाचे दायित्व कोणावर, हा प्रश्न उरतोच. दग्ध हाताचा सारा इतिहास या मधल्या वर्षाचा इतिहास आहे. मॅकिंडो यांनी त्या वर्षात कवचाला विरोध केला, निंबकरांनी त्या वर्षाला काम दिले, सेऊलच्या अभ्यासकांनी त्यातील ४ आठवडे खेळाने भरले.

उमरगा परिसरातील ५२ गावांच्या पुनर्वसनानंतर एक गोष्ट तेथील लोकांनी अनुभवाने जाणली आहे. सरळ रस्ते व पक्की घरे उभी राहिली म्हणजे गाव वसले असे होत नाही. पार, गोठा, शेजार आणि नित्याचा व्यवहार परत आला म्हणजे ते वसते. हाताचेही तसेच आहे. कातडी जुळली, टाके निघाले, इतक्याने हात परत आला असे म्हणता येत नाही. त्या हाताने पुन्हा परातीत भाकरी थापली गेली, म्हणजे त्याचे पुनर्वसन झाले असे समजावे. आणि आभासी खेळ असो की लाकडी माग, प्रत्येक साधनाची परीक्षा या एका कसोटीवर व्हावयास हवी.